अक्षता पडल्यानंतरचं लग्न

राजाजीनगरात वैशाख आधी कानांना कळतो. सकाळी दुधासाठी दार उघडावं, तर दोन गल्ल्या पलीकडून नादस्वराचे, म्हणजे इथल्या सनईचे, सूर येत असतात आणि त्यांच्या पाठोपाठ डोल नावाच्या ढोलाचा कोरडा, खणखणीत ठोका. मग तो डोळ्यांना दिसतो. फाटकांना केळीचे खुंट बांधलेले, रस्त्यावर गुलमोहराच्या पाकळ्या, आणि दुपार कलली की येलहंक्याच्या बाजूनं चढत येणारे ढग. यंदाही तसंच आहे. आज बाजारातून येताना एका छत्रावरून आले. छत्र म्हणजे आपल्याकडचं मंगल कार्यालय. आत अचानक सगळी वाद्यं एकदम, अंगात आल्यासारखी वाजू लागली आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप दाबला गेला. पिशवीतल्या टोमॅटोत रुतला. घरी आल्यावर आई म्हणाली, "हा कुणी फोडला?" मी म्हटलं, "गट्टीमेळानं." तिला कळलं.

आमच्या घरी लग्न हा विषय पंगतीचा नव्हता, छपाईचा होता. अण्णा, माझे वडील, सरकारी यंत्रकारखान्यात इंजिनियर. आठवडाभर ते लोखंडाशी बोलत आणि रविवारी समाजाशी. त्यांची पत्रकं चिकपेठेतल्या एका छापखान्यात निघत. तिथे मराठी खिळे कमी, म्हणून 'ळ' संपला की अण्णा वाक्य बदलत. ओल्या शाईचा तो वास घेऊन गठ्ठे घरी आले की ताई आणि मी जमिनीवर बसून घड्या घालायचो. 'मुलगी वस्तू नव्हे, मग तिचं दान कसलं?' 'जावयाचे पाय धुणारा बाप मुलीची मान त्याच पाण्यात खाली घालतो.' आणि माझं सगळ्यांत आवडतं: 'दोघांनी समोरासमोर उभं राहावं, एकमेकांना पाहावं, चार माणसांनी अक्षता टाकाव्यात. लग्न लागलं. त्यापुढचं सगळं दक्षिणेसाठी.' पाढ्यांच्या आधी मला ही वाक्यं पाठ होती. गणपतीत मराठी मंडळी ती पत्रकं हसून घेत आणि त्यांच्या पुड्या करून चुरमुरे बांधत. मी चुरमुरे खाऊन पुडी सोडवायची आणि पुन्हा वाचायची. आजही त्यातलं एकही वाक्य मला खोटं वाटत नाही.

अण्णा कुणाच्या लग्नाला जात नसत, आम्हालाही पाठवत नसत. त्यामुळे या कानडी गावात वाढूनही इथलं एखादं लग्न आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. मी लहानपणी निपाणीला मामाकडे एक पाहिलं होतं, तेही जेवणाच्या घाईत. अक्षता पडल्या, पानं वाढली, एवढंच आठवत होतं.

अण्णांना कारखान्यानं दोन वर्षांसाठी स्वित्झर्लंडला पाठवलं आणि तिकडे ते असतानाच ताईचं ठरलं. श्रीनिवास तिच्याच प्रयोगशाळेतला, बसवनगुडीच्या जुन्या म्हैसूरकडच्या घरातला. अण्णांनी आनंदानं होकार कळवला: माझी वाट पाहा, आलो की साध्या पद्धतीनं लग्न लावू. पण मधेच श्रीनिवासचे आजोबा गेले. त्यांच्याकडची रीत अशी की घरात वडीलधारं गेलं, तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. वर्ष ज्येष्ठात संपत होतं. अण्णांना मधेच येण्याची सोय नव्हती. निपाणीहून काका आले, काकूला घेऊन. "घरात कर्ता पुरुष नको?" असं म्हणत त्यांनी अण्णांच्या खुर्चीवर पंचा वाळत घातला.

श्रीनिवासच्या आईनं एकच मागितलं: सगळे विधी त्यांच्या पद्धतीनं व्हावेत. ताई हो म्हणाली. मला हे मागच्या अंगणात, कपडे पिळताना कळलं.

"पाय धुणं, कन्यादान, सगळं?"

"सगळं. विमे, त्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. मागितलं ते एवढंच."

"एवढंच? आपण आयुष्यभर ज्याच्यावर घड्या घातल्या ते एवढंच?"

"धर नीट ते टोक, माती लागेल," ती म्हणाली. आणि चादर पिळता पिळता, माझ्याकडे न बघता, "तू थांब कुणासाठी तरी तीन वर्षं, मग भांड माझ्याशी."

मी रागानं एवढं पिळलं की चादरीच्या कडेचा टाका उसवला.

मग मूर्ती आले. हे अण्णांच्या कारखान्यातले, अण्णांबरोबरच तिकडे असलेले, रजेवर इकडे आले होते. त्यांच्याबरोबर अण्णांनी एक छोटा सिनेमाचा कॅमेरा आणि फिल्मची दोन रिळं पाठवली होती. निरोप असा: मी येऊ शकत नाही, माझे डोळे पाठवतो, ते विमलच्या हाती द्या. रंगीत फिल्म धुण्याची सोय तेव्हा इथे नव्हती. रिळं तिकडेच जायची, आणि ती मूर्तींबरोबरच. मूर्तींचं विमान नेमकं लग्नाच्या दिवशी दुपारचं. म्हणजे जे घ्यायचं ते सकाळी, आणि काय आलं हे इथे कुणालाही न दिसता सगळ्यांत आधी अण्णांना दिसणार.

कॅमेरा चाळणीत बसेल एवढा. पोटाला चावी. ती दिली की थोडा वेळ मांजरासारखा गुरगुरायचा आणि दमायचा. दिव्यांची काही सोय नव्हती. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता: लख्ख ऊन, ढगाळ ऊन, सावली. घराच्या आतलं चित्र त्यावर नव्हतंच. चाचणीलाही फिल्म नव्हती. मी रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून आठवडाभर घरात हिंडत होते. काका म्हणायचे, "पोरीच्या हातात यंत्र दिलं की स्वयंपाकाला कोण राहणार?" मी म्हणायची, "तुम्ही."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ताईनं मला ओट्याजवळ गाठलं. हळदीनं तिची बोटं पिवळी झाली होती.

"पाय धुणं आणि धारा, एवढं घेऊ नकोस." धारा म्हणजे त्यांच्याकडचं कन्यादान, मुलीच्या हातावरून पाण्याची धार सोडून तिला द्यायचं.

"का?"

"अण्णांना माझं लग्न बघू दे. माझी हार नको."

"जे करायला लाज वाटत नाही ते दाखवायला का वाटते?"

"लाज नाही गं वाटत," ती म्हणाली. "ते तिकडे एकटे आहेत."

मी एकोणीस वर्षांची होते. एकटेपणा हा मला युक्तिवाद वाटत नव्हता. जे घडणार ते दिसलं पाहिजे, असं मी म्हटलं आणि कॅमेऱ्याची काच पदरानं पुसत राहिले. पण खरं सांगायचं तर कॅमेरा आल्यापासून मला एकच धास्ती होती. ती फिल्म पाहून अण्णा काय म्हणतील? ताईला ते तोडतील का? ज्या माणसानं तत्त्वासाठी सख्ख्या भावाच्या लग्नात पाऊल टाकलं नव्हतं, तो मुलीला सवलत देईल, असं मानायला मला काही आधार सापडत नव्हता. आणि आधार सापडू नये, असंही मला वाटत होतं.

बसवनगुडीचं ते छत्र आजही डोळ्यांसमोर आहे. मधे उघडं अंगण, त्यात उन्हाचा स्वच्छ चौकोन, आणि चारी बाजूंना दगडी खांबांच्या काळोख्या पडव्या. मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, वास, काकडी-डाळीच्या कोसंबरीचा वास, तुपाचा धूर. मंडप नेमका आतल्या पडवीत. मी पुरोहितांना विनवलं, "अंगणात घ्या ना सगळं." ते म्हणाले, "अग्नी कुठे ठेवायचा ते कॅमेरा ठरवणार काय, अम्मा?" आणि फाटकाशी मूर्ती, टॅक्सीवाल्याला थांबवून धरत, घडीघडीला आत डोकावत.

पाय धुणं पडवीतच झालं. श्रीनिवासनं संकोचानं पाय आत घेतले, तर काकांनी ते घोट्याला धरून ताटात ओढले. "असू दे जावईबापू, आमच्याकडे असंच असतं." त्यांच्याकडे तसंच असतं, हे काकांना दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं. ताईनं मान वर केली. तिनं मला पाहिलं आणि अगदी हळूच डोकं हलवलं, नको म्हणून. मी चावी दिली. कॅमेरा गुरगुरला. तिनं तोंड फिरवलं. तिची वळलेली मान मला काचेतून दिसत होती आणि मी बटण सोडलं नाही.

पहिलं रीळ तिथेच संपलं. कोठीघरात, काकड्यांच्या टोपलीशेजारी, आईच्या शालीखाली डोकं घालून मी दुसरं भरलं. हात एवढे घामेजले होते की फिल्मचं टोक खाचेत जाईना. बाहेर ढग आला तर? मूर्ती निघून गेले तर? शालीला आईच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. मी श्वास रोखून धरला तेव्हा कुठे ते टोक बसलं.

अंतरपाट मात्र अंगणात धरला. मंगलाष्टकं त्यांच्यात नसतात, पण काका हट्टाला पेटले होते. "आमच्याकडे मंगलाष्टकांशिवाय लग्न लागत नाही." त्यांनी स्वतःच म्हटली, तीही अशा सुरात की नादस्वरवाला हातातलं वाद्य मांडीवर ठेवून आदरानं ऐकत बसला. पुरोहितांनी डोळे मिटून घेतले. मी उन्हात उभी होते. कापड खाली आलं. ताई आणि श्रीनिवास यांनी जिरे-गुळाचा गोळा एकमेकांच्या डोक्यावर ठेवला. तिचा त्याच्या कानावरून घरंगळला आणि दोघं हसली. पुरोहितांनी दटावलं तरी हसत राहिली. आमच्या बाजूच्यांनी अक्षता टाकल्या. सगळं त्या उन्हाच्या चौकोनात, दोन हातांवर. मी पाहत होते ते अण्णांचं वाक्य होतं, जसंच्या तसं, खिळा न खिळा. दोघं समोरासमोर, चार माणसं, अक्षता. लग्न लागलं. तेवढ्यात कॅमेऱ्यात फिल्मचं शेपूट फडफडलं.

मी धावत फाटकाशी गेले. मूर्ती टॅक्सीत बसलेच होते.

"मुगीता?" त्यांनी विचारलं. संपलं का?

"मुगीतु," मी म्हटलं, आणि दोन्ही डबे त्यांच्या मांडीवर ठेवले.

टॅक्सी वळली. रिळं गेली म्हणून मी धारा बघायलाही आत गेले नाही, फाटकाशीच बसून राहिले, आणि बऱ्याच वेळानं माझ्या मागे छत्र फुटल्यासारखं वाजू लागलं. नादस्वर, डोल, झांजा, सगळं एकदम, कानात बोटं घालावीत इतकं. मला वाटलं, काहीतरी पडलं, कुणीतरी पडलं. मी आत धावले. ताई पडवीत श्रीनिवाससमोर बसली होती, त्याचे दोन्ही हात तिच्या मानेमागे होते, आणि त्यांच्या बाजूचं प्रत्येक माणूस अक्षता टाकत होतं. अंगणात आम्ही टाकल्या तेव्हा ही माणसं मुठी मिटून का उभी होती, ते मला आत्ता कळलं. ती थांबली होती. त्यांच्या लेखी लग्न व्हायचं होतं. मंगळसूत्र बांधताना एकही अभद्र आवाज कानावर पडू नये म्हणून वाजवतात तो हा गट्टीमेळ. शेजारच्या आजी माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "ईगा मदुवे आयतु." आता लग्न झालं.

मी रिकामा कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

पंगतीत ताईच्या शेजारी वाकून मी तिला सांगितलं. धारा आली नाही, मंगळसूत्र आलं नाही, रिळं गेली. तिनं होळिगेचा, त्यांच्याकडच्या पुरणपोळीचा, तुकडा मोडला, तो तसाच पानावर ठेवला. "आणि पाय धुणं?"

"ते घेतलंय."

"दिसेल?"

"माहीत नाही. अंधार होता."

"बरं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "अण्णा आले की मी त्यांना सगळं सांगेन. समोरासमोर, पत्रात नाही. तोवर तू मधे बोलायचं नाहीस."

मी बोलले नाही. वर्षभर घरात तो विषय मिठासारखा होता, सगळ्यात असलेला आणि कुणीही नाव न घेतलेला. अण्णांची पत्रं यायची, त्यात बर्फ असायचा, चीज असायचं, आणि फिल्मबद्दल एवढंच की पाहिली, पुन्हा पुन्हा पाहतो. त्या वाक्यात राग आहे की नाही, हे शोधत मी ते उजेडात धरून वाचायची. पोस्टमनची सायकल वाजली की ताईची आठवण यायची. ती बसवनगुडीत सुखात होती. सासू तिला कॉफी हातात आणून देत होती. पण आमच्याकडे आली की आल्या आल्या विचारायची, "काही आलं?" आणि मंगळसूत्र नकळत पदराखाली सरकवायची, जणू अण्णा पलीकडच्या खोलीत आहेत.

पुढच्या वैशाखात अण्णा आले. केस पांढरे झालेले, गालांवर परदेशी लाली, आणि सामानात एक प्रोजेक्टर. दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, खिडक्यांवर घोंगड्या ठोकून त्यांनी भिंतीवर चादर लावली. शेजारची अर्धी आळी आत येऊन बसली. ताई आणि श्रीनिवासही आले होते. ताईला अण्णांशी एकटीनं बोलायचं होतं, पण अण्णा ऐकतच नव्हते. "आधी बघ, मग बोल."

यंत्र सुरू झालं. धुळीच्या कणांतून उजेडाची पट्टी भिंतीवर गेली. केळीचे खुंट, फाटक, फुलवाली. मग चादर काळी पडली. नुसता काळोख, आणि त्यात क्षणभर पितळी ताटाची एक कड चमकून गेली. माझ्या शेजारी ताईनं मंगळसूत्रावर पदर ओढला.

"इथे उजेड कमी पडला बिचारीला," अण्णा सगळ्यांना म्हणाले. "पुढे बघा."

पुढे ऊन होतं. कापड खाली आलं, आणि भिंतभर ताई हसली. जिरे-गूळ घरंगळला, लोक हसले, अक्षता उडाल्या, आणि फिल्म संपून चादर पांढरी झाली. त्या पांढऱ्या उजेडात अण्णा उभे राहिले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"पाय धुणं दिसलं कुणाला? दान दिसलं? मी वीस वर्षं नुसतं लिहीत होतो. माझ्या पोरीनं करून दाखवलं. पुढचं पत्रक हेच. आणि ही फिल्म घरोघर दाखवणार."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुलकर्णीकाकू डोळे पुसत होत्या. ताई उठली.

"अण्णा, लग्न याच्यानंतर झालं."

"म्हणजे?"

"रीळ संपल्यावर. धारा झाली, मंगळसूत्र बांधलं, होम झाला. आणि तो काळोख आहे ना, त्यात पाय धुणं आहे. मी कशालाच नाही म्हटलं नव्हतं."

कुणीतरी खोकलं. कुलकर्णीकाकू म्हणाल्या, "चला गं, माझं दूध ठेवलंय गॅसवर." त्यांच्याकडे गॅस नव्हता, पण लोकांना उठायला तेवढं पुरलं. श्रीनिवास उठून ताईच्या बाजूला जाऊन उभा राहिला. खोली रिकामी झाली. घोंगड्या तशाच होत्या, प्रोजेक्टरचा पंखा फिरत होता. मी आगीची वाट पाहत होते. माझी वाक्यं तयार होती, ताईच्या बाजूची काही आणि विरुद्धही काही. त्यातलं कोणतं म्हणणार, हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं.

अण्णा खुर्चीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "धारेचं पाणी कोणी सोडलं?"

"काकांनी," ताई म्हणाली. "काकूनं झारी धरली."

"आणि ही?"

आई दारापाशी कपबश्या गोळा करत होती. ती न थांबता म्हणाली, "नवरा शेजारी नसला की बाईला तिथे बसता येत नाही म्हणाले. मी खांबापाशी उभी होते."

"तुला बसायचं होतं?"

"तुमच्या पत्रकातलं मला सगळं पटतं," आई म्हणाली. "पोरगी काही दान द्यायची नव्हती मला. पण तिचा हात तेवढा वेळ माझ्या हातात राहिला असता."

अण्णांनी हुंड्यावर लिहिलं होतं, पत्रिकांवर लिहिलं होतं, दानावर तर किती वेळा. खांबापाशी उभ्या राहिलेल्या बाईवर त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. मीही नाही. कन्यादान हा शब्द मला आजही टोचतो, माझ्या लग्नात मी तो उच्चारू देणार नाही. पण त्या दुपारी मला कळलं की आमच्या पत्रकांना जो समास सोडलेला असायचा, त्या कोऱ्या जागेत आई उभी होती, आणि आम्ही दोघी घड्या घालताना तिथेच अंगठा दाबायचो.

अण्णा उठले. त्यांनी रीळ पुन्हा चढवलं.

"आता कशाला?" आई म्हणाली.

"बस इथे," अण्णा म्हणाले, आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "आपण तुला शोधू."

पुन्हा खुंट, पुन्हा फाटक, पुन्हा तो काळोख. आम्ही सगळे चादरीच्या अगदी जवळ गेलो होतो. आई कुठेच नव्हती. फुलवाली होती, नादस्वरवाला होता, काका तर प्रत्येक कोपऱ्यात होते. ऊन आलं, कापड खाली आलं, ताई हसली. अक्षता उडाल्या तेव्हा डाव्या कडेला, खांबाच्या आडून, एक हात पुढे आला, हिरव्या बांगड्यांचा. मूठ उघडली आणि हात मागे गेला.

"तो माझा," आई म्हणाली.

अण्णांचा हात प्रोजेक्टरच्या कळीकडे गेला.

"थांबवू नका, दिव्यानं फिल्म जळेल," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. फिल्म शेवटापर्यंत जाऊ दिली, मग उलटी फिरवली. अक्षता ताईच्या केसांतून उठून हवेत गेल्या, खांबापाशी परतल्या, आणि आईच्या मुठीत मिटल्या. मग अण्णांनी ती पुन्हा सुरू केली.